कळा पडेपर्यंत

यंदा नववीच्या मुलांनी पहिल्याच आठवड्यात ऋतिकावर बहिष्कार टाकल्यासारखं केलं होतं.

गेल्या वर्षापर्यंत त्यांचं कोडिंग म्हणजे रंगीत ठोकळे. पडद्यावरचा एक ठोकळा उचलायचा, दुसऱ्याच्या खाली चिकटवायचा, की चित्रातलं मांजर चालायला लागायचं. ऋतिकाने ठोकळे बंद केले. त्यांच्या जागी आले पत्त्यांच्या जोडाएवढे छोटे, स्वस्तातले संगणक. प्रत्येकाला एक जुना मॉनिटर आणि एक कीबोर्ड जोडलेला, काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ. आता जे काही सांगायचं ते अक्षरांत टाइप करायचं. ओळीच्या शेवटी विसर्गासारखे दोन ठिपके द्यायचे राहिले, तरी संगणक लाल अक्षरांत तक्रार करून गप्प बसे.

"टीचर, आमचें मांजर खंय गेलें?" सागरने विचारलं.

"निवृत्त झालं."

"पेन्शन मेळटा ताका?"

वर्ग हसला, पण मनापासून नाही.

ऋतिका गोव्यातल्या मांद्रेची. घरी आईवडिलांचं चार खोल्यांचं गेस्टहाऊस, आणि ती फिजिक्समध्ये पदवी घेऊन डिचोली तालुक्यातल्या या शाळेत कंत्राटावर लागलेली. आमोणेच्या अलीकडचं हे गाव तिला जूनपर्यंत नकाशावरही माहीत नव्हतं. अक्षरांचं कोडिंग तिला आवडायचं, कारण त्यात झाकून काही राहत नाही. ठोकळ्याच्या पोटात काय आहे ते कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. इथे जे घडतं ते आपणच लिहिलेलं असतं, आणि ते कोणालाही वाचता येतं. पण हे चौदा वर्षांच्या मुलांना कसं पटवायचं, ते बीएस्सीत शिकवत नाहीत.

पटलं ते अचानक. किमती साठवायच्या डब्यांना नावं देण्याचा पाठ चालला होता. ही नावं मराठीतही चालतात हे तिने फळ्यावर नाही, पडद्यावर दाखवलं. आज्ञेचे शब्द तेवढे इंग्रजी, बाकी डब्याला काय हवं ते म्हणा. सागरने आपल्या डब्याचं नाव ठेवलं 'बांगडो' आणि त्यात घातले चाळीस. संगणकाने मुकाट्याने चाळीस दाखवले. त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही.

पुढचा पाठ होता 'जर' आणि 'नाहीतर'चा. "तुमच्या रोजच्यातलं असं काही शोधा, जिथे दोन वाटा फुटतात," ऋतिका म्हणाली. सागरने लिहिलं, बांगडा स्वस्त असेल तर हुमण, नाहीतर डाळ. हर्षाने लिहिलं, पाववाला पोदेर आला तर चहाबरोबर उंडो, नाहीतर कालची भाकरी. गौरवी बराच वेळ जनेलातून बाहेर बघत बसली, आणि मग तिने लिहिले कळे.

गौरवीचे वडील कृष्णनाथ गावच्या देवीचे पुजारी. भावकीत पाळी वाटलेली, तिच्या घरची पाळी आली की ते पूजेला, एरवी स्वतःच्या सुपारीच्या कुळागरात. या गावात लग्न, घर, नोकरी, काहीही मोठं करायचं तर देवीला विचारतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलांचे ओले कळे चिकटवायचे, पुजाऱ्याने गाऱ्हाणं घालायचं आणि थांबायचं. उजवा कळा पडला तर होकार, डावा पडला तर नकार; याला प्रसाद म्हणतात. मांद्रेलाही हे होतं. ऋतिकाने फिजिक्स घ्यावं की नाही हेसुद्धा आईने देवळात जाऊन विचारलं होतं. उजवा पडला होता. डावा पडला असता तर काय, हे आईने कधी सांगितलं नाही आणि ऋतिकाने विचारलं नाही.

गौरवीचा प्रोग्राम पाच ओळींचा. संगणकाने मनातल्या मनात नाणं उडवायचं. एक बाजू पडली तर 'उजवा', नाहीतर 'डावा'. चालला. ऋतिका "छान" म्हणून पुढच्या मुलाकडे वळली.

"टीचर, हें बरोबर न्हय," गौरवी मागून म्हणाली.

"का? एकही चूक दाखवत नाही."

"हो बटन दाबल्याबरोबर पडटा. देवळांत असो पडना. कधी कधी दुपार जाता. बाबा थांबतात."

दोन दिवसांनी ऋतिका मधल्या सुट्टीत संगणकाच्या खोलीकडे आली तेव्हा दाराबाहेर चपला ओळीने काढून ठेवलेल्या होत्या. आत सहासात मुलं जमिनीवर मांडी घालून बसलेली. हात जोडलेले. एरवी खुर्चीवरही स्वस्थ न बसणारा सागर पुढच्या रांगेत. समोर गौरवीचा पडदा, काळा आणि कोरा.

"काय चाललंय?"

"श्श, टीचर," सागर कुजबुजला. "अजून दिलो ना."

"किती वेळ झाला?"

"सुट्टी सुरू जाली तेन्नासून."

ऋतिकाला हसू आलं, आणि ते तिने गिळलं. चपलांकडे एकदा वळून बघितलं आणि तिनेही आपल्या काढल्या. मग गौरवीच्या शेजारी बसून तिने लिहिलेलं उघडलं. आता त्यात एक फेरा होता. 'कळा' नावाचा डबा रिकामा असेपर्यंत फिरत राहा, असं त्या फेऱ्याला सांगितलेलं. आणि फेऱ्याच्या पोटात एकच ओळ: थोडा वेळ थांब.

"गौरवी, या फेऱ्यात कळा बदलणारी ओळ कुठली?"

गौरवीने वाचलं. पुन्हा वाचलं. "ना."

"मग तो पडणार कसा?"

"देवीन दिलो की पडटलो."

"देवी कुठल्या ओळीत आहे?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. हा प्रश्न तोंडातून गेल्यावर ऋतिकाला वाटलं, आपण फार धारदार बोललो. पण गौरवी रागावली नव्हती. ती पडद्याकडे अशी बघत होती, जसा कोणी हिशेब पडताळून पाहावा.

"मला एवढंच म्हणायचंय," ऋतिका हळू म्हणाली, "की हे थांबलेलं नाही. त्याच जागी गरगर फिरतंय. थांबणारा माणूस मधून मधून बघतो ना, काही झालं का ते? याला तू बघायलाच सांगितलेलं नाहीस. उद्यापर्यंत बसलात तरी हे असंच."

"बाबा थांबतात तेन्ना बघत आसतात," गौरवी म्हणाली. "डोळे मिटनात."

"तेच लिही. थांब, मग बघ."

गौरवीने ते लिहिलं. प्रत्येक फेऱ्यात संगणकाने एक फासा टाकायचा. बहुतेक वेळा काहीच नाही, क्वचित उजवा, क्वचित डावा. जे पडेल ते पडद्यावर लिहायचं: 'देवीने उजवा कळा दिला.' किंवा डावा. आता तो कधी पटकन पडे, कधी खूप वेळ पडतच नसे. ऋतिकाने सगळं तपासलं आणि "उत्तम" म्हटलं. तिला खरोखर आनंद झाला होता. मुलीने जगाकडे बघितलं होतं, आणि जग जसं आहे तसं येईपर्यंत आपलं लिहिणं बदललं होतं. विज्ञान म्हणजे याहून वेगळं काय असतं?

त्या आनंदात तिच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. मुलं त्या यंत्राला विचारू लागली होती. रविवारची मॅच जिंकणार का, गणिताचा पेपर सोपा येणार का. आधी हसत, मग जरा कमी हसत. आठवड्याच्या शेवटी गावात बोललं जाऊ लागलं की शाळेत देवी बसवली आहे, तिथे नारळही लागत नाही.

मुख्याध्यापक शांतारामसरांनी तिला बोलावून घेतलं. "ऋतिका, पंख्याचं करा, दिव्याचं करा. देवाला कशाला मध्ये आणलंत?"

"सर, मी नाही आणलं. मुलीने..."

"मुलीने आणलं म्हणजे तुम्हीच आणलंत. तिचे वडील व्हरांड्यात बसले आहेत."

कृष्णनाथ बसलेले नव्हते, उभेच होते. ऋतिकाने बसायला कदेल पुढे केली ती त्यांनी हाताने तशीच मागे सारली. अंगावर स्वच्छ पांढरा शर्ट, नखांत सुपारीच्या बागेतली माती.

"टीचर, हांव भांडपाक येवंक ना," ते म्हणाले. "पण बाजारांत लोक हांसतात. म्हणतात, कृष्णनाथा, पाळी आतां मशिनीक दी आनी तूं घरा न्हिद. हें आयकून घेवपाचें?"

"मी त्यांना फक्त 'जर' आणि 'नाहीतर' शिकवत होते."

"म्हजें चेडूं तुमच्याकडे शिकपाक धाडलें. देवीक शिकोवपाक न्हय."

तिने गौरवीबद्दल सांगायला सुरुवात केली. वर्गात असा विचार करणारं दुसरं कोणी नाही, पुढच्या वर्षी ही मुलगी खूप पुढे जाईल, शाळा सुटल्यावरच्या जादा तासाला ती येत राहिली पाहिजे. कृष्णनाथांनी ते सगळं ऐकून घेतलं. मध्ये तोडलं नाही, हेच ऋतिकाला जास्त जड गेलं.

"सोमवारी पाळी म्हजी," शेवटी ते म्हणाले. "हांव देवीआईक विचारतां. उजवो पडलो जाल्यार गौरवी येतली. डावो पडलो जाल्यार ह्या क्लासाक ना. मागीर तुमी सांगूं नाकात आनी हांवूय सांगचों ना."

ते गेल्यावर ऋतिका रिकाम्या खोलीत बसून राहिली. एक मुलगी, जिने कोणी न सांगता आपल्या चालणाऱ्या प्रोग्राममधली चूक ओळखली, ती सोमवारनंतर इथे बसेल की नाही हे एक ओलं फूल ठरवणार. आणि ही वेळ आणली कोणी, तर जिने सगळं तपासून "उत्तम" म्हटलं तिने. आईकडून फिजिक्सचा उजवा कळा घेतलेल्या बाईने आता तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची?

शनिवारी तिने गौरवीला धीर द्यायचा प्रयत्न केला. "हे बघ, निम्मी शक्यता तर आपल्या बाजूने आहेच."

"निम्मी नसता, टीचर," गौरवी म्हणाली. "बाबा गाऱ्हाणें कशें घालतात ताचेर आसता."

"म्हणजे?"

गौरवीने खांदे उडवले. ते तिला शब्दांत सांगता येत नव्हतं.

सोमवारी शाळेच्या आधी ऋतिका देवळात गेली. सभामंडपाची फरशी गार होती. गौरवी गणवेशात, दोन वेण्या घालून खांबाशी उभी. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी पद्मावती नावाच्या बाई नारळ घेऊन बसलेल्या. त्यांचा नंबर आधी होता.

"स्वप्नील बोटीर वचूं काय नाका, तें विचार," पद्मावती म्हणाल्या. बोटीवरची नोकरी म्हणजे वर्षातले आठ महिने परदेशी जहाजावर.

"बोलावणें आयलां?" कृष्णनाथांनी आतून विचारलं.

"येतलें."

"अर्ज केलो?"

"करतलो. आदीं देवी कितें म्हणटा तें कळूं दी, मागीर करतलो."

"पद्मावतीबाय, आईक हांव कितें सांगूं? ह्या बायेचो पूत बोटीर वता म्हणून? तो वच ना. बोलावणें आयलां म्हणून? तें येवंक ना." कृष्णनाथ बाहेर आले. "गाऱ्हाण्यांत आदीं आसा तें सांगपाचें आसता. पुराय, आसा तशें. मागीर विचारपाचें. आसा तेंच अर्धें, तर ती जबाब कित्याचो दितली? बोलावणें आयल्यार यो."

"आनी नाल्ल?"

"नाल्ल ठेव. परत व्हरूं नये."

पद्मावती पुटपुटत बाजूला झाल्या, पण गेल्या नाहीत. आता गौरवीबद्दल विचारणार हे सगळ्या गावाला माहीत होतं, त्यांनाही होतं.

कृष्णनाथ आत गेले. दोन कळे पाण्यात भिजवून त्यांनी मूर्तीच्या दोन अंगांना हलकेच टेकवले. हात जोडले. समईच्या उजेडात ऋतिकाला ते दोन छोटे लाल ठिपके दिसत होते.

"आई," कृष्णनाथांनी सुरू केलं. गाऱ्हाण्यातला त्यांचा आवाज वेगळा होता, थोडा वरचा, सरळ. "हें म्हजें चेडूं गौरवी. तुज्या पांयांकडे वाडलें. हिणें शाळेंत मशिनीर..."

ते थांबले.

"हिणें शाळेंत मशिनीर..."

पुन्हा थांबले. मान वळवून त्यांनी मुलीकडे बघितलं. "कितें केलें गो तुवें?"

"प्रोग्राम," गौरवी म्हणाली.

"म्हळ्यार कितें? देवीक आंत घाली?"

"ना, बाबा. देवी... देवी खंयच्याच ओळींत ना."

"मागीर लोक म्हणटात तें?"

गौरवी सांगायला लागली तसा त्यांनी हात वर केला. "राव. तुज्या तोंडांतलें आयकून हांवें आईक सांगचें न्हय. लोकांच्या तोंडांतलें तर न्हयच." मग पुढे होऊन, कळे पडायच्या आत, त्यांनी ते दोन्ही आपल्या हाताने काढून घेतले आणि तीर्थाच्या भांड्यात सोडले.

"आदीं तें मशीन पळोवंक जाय," ते म्हणाले.

"म्हाका परत धाडली," पद्मावती मागून म्हणाल्या, "आतां आपणूय परततलो. बरें जालें!"

कृष्णनाथांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

शाळेत, संगणकाच्या खोलीशी येताच ते चपला काढायला वाकले. "बाबा, काढूं नाकात," गौरवी म्हणाली. ते घातल्या चपलांनी आत आले, पण अवघडून. सागर आणि हर्षा तोंड उघडून बघत होती. ऋतिका भिंतीशी उभी राहिली. तिने ठरवलं होतं की आपण मध्ये एक शब्दही बोलायचं नाही, आणि ते तिला फार कठीण जात होतं.

"हें मशीन?" कृष्णनाथांनी तो छोटा डबा बोटाने टेकवून बघितला. "इतलेंच?"

"इतलेंच. आंत कितें आसा तें हांगा." गौरवीने पडद्यावर ओळी उघडल्या.

कृष्णनाथांनी खिशातून चष्मा काढला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. मराठी शब्द ते मोठ्याने वाचत, इंग्रजी शब्दाशी थांबत, मग गौरवी सांगे. 'कळा' रिकामा. कळा रिकामा असेपर्यंत फिर. थांब. मग बघ.

"हें कोणें सांगलें? थांब, मागीर पळय?"

"तुमी. म्हणजे, तुमकां पळोवन."

बोट खाली सरकलं. फासा टाक.

"फांसो कोण उडयता?"

"कोण ना. आंकडे. खंयचोय येता, आमकां आदीं कळना."

बोट आणखी खाली आलं. कृष्णनाथांनी वाचलं, देवळात वाचावं तसं, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून: "देवीने. उजवा. कळा. दिला."

गौरवी त्या ओळीकडे बघत होती. तिनेच लिहिली होती, पन्नास वेळा बघितली होती, पण वडिलांच्या तोंडून ऐकली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "ही ओळ फट आसा."

"फट? खोटी?"

"देवीन दिलो ना. फांशान दिलो. वयर हांवें फांसो बरयला आनी सकयल देवी म्हणून सांगलें." तिने ऋतिकाकडे वळून बघितलं. "टीचर, मशीन हें दाखयना. ताका चालता."

"नाही दाखवत," ऋतिका म्हणाली. "मीही नाही दाखवलं." एवढं बोलणं भागच होतं.

गौरवीने कीबोर्ड पुढे ओढला. शेवटच्या दोन ओळींतला पहिला शब्द खोडून तिथे तिने लिहिलं 'फाशाने'. वर प्रोग्रामचं नाव होतं 'प्रसाद'. ते खोडून ती जरा थांबली आणि तिथे लिहिलं 'गौरवीचा खेळ'. मग बाजूला सरकली, वडिलांना नीट दिसावं म्हणून.

कृष्णनाथांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. यावेळी बोट न ठेवता. चष्मा काढून मिटला, खिशात ठेवला. ऋतिकाला वाटलं की आता ते सांगतील, ठीक आहे, आता गाऱ्हाणं घालता येईल, संध्याकाळी पुन्हा कळे लावतो. आता जे आहे ते पुरतं माहीत झालं होतं. विचारायला हरकत नव्हती.

"क्लास कितल्याक सुटता?" त्यांनी विचारलं.

"साडेपाचला."

"पांचांक सोडात. सांजेचो दिवो तीच लायता, तो हांव दुसऱ्या कोणाक लावंक दिवचों ना."

"पाचला," ऋतिका म्हणाली. "पण तुम्ही देवीला विचारणार होतात..."

"आसा तें कळ्ळें," कृष्णनाथ म्हणाले. "आतां विचारपासारकें कितें उरलां तें सांगात. ही पोर चूक करता आनी ती सोदून काडटा. तातूंत आईक कित्याक त्रास?"

एवढ्यात सागरने, कोणाचं लक्ष नाही असं बघून, पलीकडून हात लांबवला आणि खेळ सुरू केला. पडदा काळा झाला. गौरवी त्याला मारायला उठली, पण कृष्णनाथ पडद्याकडे वळले होते, म्हणून तीही थांबली. सगळेच थांबले. रेघ लुकलुकत राहिली. सवयीने कृष्णनाथांचे हात समोर एकमेकांत गुंतले. जोडले मात्र नव्हते.

मग अक्षरं उमटली. 'फाशाने डावा कळा दिला.'

हर्षाने तोंडावर हात नेला. सागर खुर्चीत खाली सरकला. सगळ्यांनी कृष्णनाथांकडे बघितलं.

"ताका कोणें विचारलां?" ते म्हणाले आणि चष्म्याचा खिसा चाचपत बाहेर पडले. दारातून परत डोकावून त्यांनी ऋतिकाला बजावलं, "पांचांक हां, टीचर."